बातमीदारीत नवीन आहात? पब्लिश दाबायच्या आधी काय काय बघायचं

पत्रकारितेच्या एथिक्सवर कोणी बोलायला लागलं की आधी मोठे मोठे शब्द येतात, सत्य, निष्पक्षता, लोकशाहीचा चौथा खांब वगैरे. नवीन आलेली पोरं मान डोलावतात, आणि दुसऱ्याच दिवशी रात्री साडेनऊला डेस्कवरून, म्हणजे बातम्या तपासून लावणाऱ्यांकडून, हाक येते, अरे ती बातमी टाक पटकन, बाकी सगळ्यांनी टाकली. तेव्हा चौथा खांब आठवत नाही हो. तेव्हा फक्त आपण मागे पडतोय एवढंच दिसत असतं. हा लेख त्या साडेनऊच्या हिशोबाने लिहिलाय.

मी बरीच वर्षं डेस्कवर काढलीत आणि गाजलेल्या भानगडींचे चौकशी अहवाल वाचायचा मला नादच आहे. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. लबाडी करणारा बहुतेक वेळा एकटाच असतो, पण बातमी काही त्याच्या एकट्याच्या हातून बाहेर जात नाही, आजूबाजूला चार-पाच सरळमार्गी माणसं असतात, त्यातल्या कोणालाही एक फोन करता आला असता किंवा एक साधा प्रश्न विचारता आला असता, आणि नेमकं तेच राहून गेलेलं असतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या राहून गेलेल्या फोनबद्दल आहेत असं समजा.

पहिली पायरी: वहीत तीन रकाने

बातमी लिहायला बसायच्या आधी वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारा. पहिल्या रकान्यात मी स्वतः पाहिलं, दुसऱ्यात मला कोणीतरी सांगितलं, तिसऱ्यात माझ्याकडे कागद आहे. आता बातमीतलं एकेक वाक्य उचलून कुठल्यातरी रकान्यात टाका. समजा वाक्य आहे, "आगीत तीन जण अडकले होते, इमारतीला परवानगी नव्हती." तीन जण हे कोणी सांगितलं? अग्निशमन दलाच्या माणसाने की खाली उभ्या असलेल्या गर्दीतल्या एकाने? परवानगी नव्हती हे कागदावर बघितलं की शेजारचा चिडून बोलला? पाच मिनिटांचं काम आहे, पण निम्मी वाक्यं दुसऱ्या रकान्यात जाऊन पडतात आणि तुमचं तुम्हालाच कळतं की पाणी कुठे मुरतंय. जे वाक्य तिन्हीत बसत नाही ते तुमच्या डोक्यातून आलंय, ते काढा.

हे बालिश वाटत असेल तर जॅनेट कुकचं प्रकरण बघा. १९८० मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये तिने आठ वर्षांच्या हेरॉइनच्या व्यसनी मुलाची बातमी लिहिली, शहर हादरलं, पोलीस त्या मुलाला शोधत फिरले, मुलगा काही सापडला नाही. १९८१ च्या एप्रिलमध्ये त्या बातमीला पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं बक्षीस, मिळालं, आणि दोन दिवसांत सगळं कोसळलं, कारण बक्षिसाबरोबर तिची जी माहिती छापून आली तिच्यातल्या डिग्र्या तिच्या जुन्या पेपरकडच्या माहितीशी जुळेनात. मुलगा मुळात नव्हताच. आणि त्या वेळी तिथे शहर बातम्यांच्या विभागाचा प्रमुख कोण होता? बॉब वुडवर्ड, अमेरिकेच्या अध्यक्षाची खुर्ची घालवणारं वॉटरगेट प्रकरण उघडं करणाऱ्या जोडीतला. म्हणजे अनुभवी माणसाची नजर होती म्हणून बातमी बरोबर असेल असं काही नसतं. त्या मुलाचं नाव-पत्ता निदान मला एकट्याला तरी सांग, एवढा हट्ट वरच्यांपैकी कोणी शेवटपर्यंत धरला नाही.

दुसरी पायरी: ज्याच्याविरुद्ध लिहिताय त्याला फोन

सगळ्यात जास्त हीच पायरी लोक गाळतात, आणि कारण ठरलेलं असतं, तो नाहीच म्हणणार ना, मग कशाला विचारायचं. अहो नाही म्हणू दे की. तो नाही म्हणताना काय म्हणतो त्यात बातमी असते, आणि कधीकधी त्याच्याकडे असा एखादा कागद निघतो की तुमची बातमी तिथेच संपते, आणि ती तिथे संपलेली बरी, छापून आल्यावर संपण्यापेक्षा.

फोन कसा करायचा याचीही एक पद्धत आहे. "तुमच्यावर आरोप होतायत, काय म्हणणं आहे?" हा प्रश्नच नाहीये. नेमकं सांगा. अमुक तारखेला अमुक कागदावर तुमची सही आहे, आमच्याकडे त्याची प्रत आहे, दोन माणसं म्हणतायत की तेव्हा तुम्ही तिथे होतात, यावर तुमची बाजू सांगा, आम्ही उद्या दुपारी छापतोय. फोन उचलला नाही तर मेसेज आणि मेल, आणि किती वाजता केला ते वहीत. छापायच्या दहा मिनिटं आधी रिंग देऊन "संपर्क होऊ शकला नाही" लिहिणं हा फसवणुकीचाच प्रकार आहे, फक्त सभ्य दिसतो.

अमेरिकेतल्या रोलिंग स्टोन मॅगझिनने नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सामूहिक बलात्काराची मोठी स्टोरी छापली. एका विद्यार्थिनीच्या सांगण्यावर ती उभी होती. त्या रात्री तिला भेटलेल्या तीन मित्रमैत्रिणींचे शब्द स्टोरीत होते, पण त्या तिघांशी लेखिका बोललीच नव्हती. ज्या विद्यार्थी संघटनेवर आरोप होता तिला तारीख, प्रसंग वगैरे तपशील न देता मोघम विचारलं होतं. काही आठवड्यांतच दुसऱ्या पेपरच्या बातमीदारांनी त्या तिघांना गाठलं आणि त्यांनी वेगळंच सांगितलं. मग मॅगझिनने स्वतःच कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाकडून तपासणी करून घेतली, एप्रिल २०१५ मध्ये अहवाल आला आणि स्टोरी मागे घेतली गेली.

यातून काही लोक भलताच धडा घेतात की पीडितेवर विश्वास ठेवू नये. तसं अजिबात नाहीये. तिला त्रास नको म्हणून तपासायचं टाळलं आणि त्यामुळेच पुढे तिच्यासकट खऱ्या तक्रारी करणाऱ्या सगळ्याच बायकांची पंचाईत झाली. तपासणं हे तिच्याच बाजूचं काम आहे. तिला आधीच शांतपणे सांगायचं, की बाई, तुम्ही सांगताय ते मी आणखी चार ठिकाणी विचारणार आहे, कारण उद्या लोक तुम्हाला खोटं ठरवायला बसलेले असतील.

तिसरी पायरी: सूत्रं, सूत्रं आणि सूत्रं

"सूत्रांच्या माहितीनुसार" हे वाक्य इतकं वापरून झिजलंय की वाचक ते वाचतसुद्धा नाही. पण निनावी माणसाशिवाय कित्येक खऱ्या बातम्या कधीच बाहेर आल्या नसत्या हेही तितकंच खरं. म्हणून नियम असा ठेवा, की अटी बोलणं सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या, नंतर नाही. ऑन रेकॉर्ड म्हणजे नावासकट छापणार. बॅकग्राउंड म्हणजे माहिती वापरणार, नाव नाही, पण "त्या खात्यातला अधिकारी" असं काहीतरी लिहिणार. ऑफ द रेकॉर्ड म्हणजे छापणारच नाही. यांचे अर्थ दर माणसागणिक बदलतात, म्हणून शब्दावर जाऊ नका, सरळ विचारा की "मी हे लिहू का, आणि लिहिलं तर तुमची ओळख काय देऊ?"

आणि एकदा शब्द दिला की दिला. १९८२ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या दोन पेपरांच्या बातमीदारांनी डॅन कोहेन नावाच्या प्रचारातल्या माणसाला नाव देणार नाही असं कबूल केलं, संपादकांनी परस्पर नाव छापलं, त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९१ मध्ये कोर्टाने ठरवलं की प्रेसचं स्वातंत्र्य आहे म्हणून दिलेला शब्द मोडून सुटता येत नाही. दुसऱ्या बाजूला वॉटरगेटचा सोर्स मार्क फेल्ट, त्याचं नाव बातमीदारांनी तीस वर्षांहून जास्त जपलं, २००५ मध्ये तो आपणहून पुढे आला तेव्हाच जगाला कळलं. यातून व्यवहाराची गोष्ट काय, तर शब्द देताना मागे संपादक उभा आहे का ते आधी विचारा, नाहीतर तुमचा शब्द दुसराच कोणीतरी मोडेल.

सोर्स तुम्हाला का सांगतोय हा प्रश्न दरवेळी विचारायचा. इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत अशा बातम्या २००२-०३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर चालवल्या, सांगणाऱ्यांत सद्दामला घालवायला टपलेले इराकी निर्वासित होते आणि युद्ध हवं असलेले अधिकारी होते, दोघं एकमेकांचा हवाला द्यायचे, म्हणजे दोन सूत्रं दिसायची पण विहीर एकच. शस्त्रं सापडली नाहीत. २६ मे २००४ ला पेपरने वाचकांना उद्देशून नोंद छापली की आम्ही जास्त कडकपणे तपासायला हवं होतं, आणि ती नोंद आतल्या पानावर होती. दोन सूत्रं मोजताना ती दोघं एकमेकांना ओळखतात का ते बघा, बस.

चौथी पायरी: फोटो आणि व्हिडिओ, इथे हात भाजतातच

ग्रुपवर व्हिडिओ येतो, थरारक असतो, अंगावर काटा येतो, आणि बोट आपोआप शेअरकडे जातं. थांबा आणि पहिला प्रश्न विचारा, हा कोणी शूट केलाय? पाठवणारा आणि शूट करणारा एकच असेल असं समजू नका. शूट करणारा सापडला तर मूळ फाइल मागा, फॉरवर्ड केलेली नको, आणि त्याच जागी त्याआधी किंवा नंतर काढलेला अजून एखादा क्लिप किंवा फोटो आहे का ते विचारा. खरा माणूस पटकन दोन-चार पाठवतो, खोट्याकडे तेवढा एकच असतो. मग रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे व्हिडिओचे दोन-तीन स्क्रीनशॉट काढून ते आधी नेटवर कुठे आलेत का ते शोधायचं. मग पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, सावल्यांची दिशा, पाऊस होता का, झाडांना पानं आहेत का. त्या दिवशी तिथे कडक ऊन होतं आणि व्हिडिओत रस्ता ओला आहे, एवढ्यावर मी एक क्लिप थांबवलेली आहे, नंतर ती दोन वर्षं जुनी निघाली.

गंमत म्हणजे बरेचदा व्हिडिओ खऱ्या जगातलाच नसतो. आर्मा ३ नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं इतक्या वेळा खरं युद्ध म्हणून फिरली आणि काही चॅनलांवरही दिसली, की शेवटी गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीलाच २०२२ मध्ये खुलासा काढून लोकांना सांगावं लागलं की आमचा गेम कसा ओळखायचा.

आपल्याच फोटोग्राफरचा फोटो असला तरी डोळे उघडे ठेवा. २००३ मध्ये इराकमध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या ब्रायन वॉल्स्कीने काही क्षणांच्या अंतराने काढलेले दोन फोटो जोडून एक जास्त नाट्यमय फोटो केला. दुसऱ्या एका पेपरमध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की मागच्या गर्दीतली काही माणसं फोटोत दोनदा दिसतायत. नोकरी गेली. आणि जोडतोड न करताही घोळ करता येतो, टाइम साप्ताहिकाने १९९४ मध्ये खुनाचा आरोप असलेल्या फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो कव्हरवर काळपट करून छापला, त्याच आठवड्यात न्यूजवीकने तोच फोटो जसाच्या तसा छापला, दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी शेजारी, लोकांना वेगळं काही सांगायची गरजच पडली नाही. क्रॉप करणं, थोडा उजेड वाढवणं ठीक. पण फोटोत नसलेलं आणायचं नाही, असलेलं घालवायचं नाही, आणि मूड बदलेल इतका रंग ओढायचा नाही.

पाचवी पायरी: तो की ते

हे मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास, कारण इंग्रजीत ही अडचणच येत नाही. एखादे साहेब कालपर्यंत बातमीत "ते म्हणाले" असतात, आज पोलिसांनी उचललं की लगेच "त्याने", "तो", "त्याला". कोर्टात अजून पहिली तारीख पडायची आहे आणि आपण एका अक्षरात शिक्षा सुनावून मोकळे. आणि तेच उलटं, वजनदार माणूस आरोपी असला की "ते" कायम राहतं, गरीब असला की पहिल्या ओळीपासून एकेरी. तुमच्या ऑफिसची पद्धत काय आहे ती विचारा, पण जी काय असेल ती सगळ्यांना सारखी लावा.

तसंच संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन वेगळे शब्द आहेत. चौकशी चालू आहे तो संशयित, गुन्हा नोंदवून नाव घातलं तो आरोपी, कोर्टाने ठरवलं तो दोषी. हेडिंगमध्ये जागा कमी पडते म्हणून "नराधम" लिहिणं हा काही पर्याय नाही. क्रियापदंही बघा, "म्हणाले" हा साधा शब्द आहे. "कबूल केलं" म्हटलं की आधी काहीतरी लपवलं होतं असा अर्थ होतो, "दावा केला" म्हटलं की तुमचा विश्वास नाही असं वाटतं, "कानावर हात ठेवले" म्हटलं की खोटारडा ठरवलंत. जास्तीत जास्त वेळा "म्हणाले" लिहा, कंटाळवाणं झालं तरी चालेल.

रिचर्ड ज्युएलचं उदाहरण पाठच करून ठेवा. २७ जुलै १९९६, अटलांटा ऑलिंपिक, पार्कमध्ये सुरक्षारक्षक असलेल्या ज्युएलला बेवारस बॅग दिसली, त्याने पोलिसांना सांगितलं, लोकांना लांब हटवायला मदत केली, मग स्फोट झाला. तीन दिवस तो हिरो. ३० जुलैला स्थानिक पेपरने छापलं की एफबीआयचा, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास संस्थेचा, संशय ज्युएलवरच आहे. बातमी तशी खोटी नव्हती बरं का, एफबीआय खरंच त्याच्याकडे बघत होती. पण त्यानंतर सगळ्या चॅनलांनी त्याच्या घराबाहेर तंबू ठोकले आणि एकलकोंडा, आईबरोबर राहणारा, हिरो व्हायची हौस असलेला माणूस असं चित्र रंगवलं. ऑक्टोबरमध्ये सरकारने लेखी सांगितलं की तो संशयित नाही. खऱ्या गुन्हेगाराने, एरिक रुडॉल्फने, २००५ मध्ये गुन्हा कबूल केला. पोलीस कोणाकडे बघतायत ही माहिती खरी असली तरी ती कोणत्या टप्प्यावर, कोणत्या शब्दात आणि कितीदा द्यायची हा वेगळाच प्रश्न आहे, आणि माझं मत विचाराल तर अटक किंवा गुन्हा नोंद होईपर्यंत साध्या माणसाचं नाव देऊ नये. मंत्री असेल तर गोष्ट वेगळी.

सहावी पायरी: माहिती मिळवली कशी

ब्रिटनमधल्या न्यूज ऑफ द वर्ल्ड या पेपरवाले बातम्यांसाठी लोकांचे फोन हॅक करायचे म्हणजे काही फार मोठी तांत्रिक करामत नव्हती. तेव्हा व्हॉइसमेलला कंपनीने दिलेला ठरलेला पिन असायचा, बहुतेक लोक तो बदलायचेच नाहीत, मग दुसऱ्या फोनवरून तो पिन दाबला की निरोप ऐकता यायचे. नटनट्या, राजघराणं, आणि मग २००२ मध्ये बेपत्ता झालेल्या आणि नंतर खून झाल्याचं कळलेल्या १३ वर्षांच्या मुलीचाही फोन. जुलै २०११ मध्ये गार्डियनने हे छापलं आणि आठवडाभरात १६८ वर्षांचा पेपर बंद झाला, पेपरांच्या वागण्यावर लेव्हसन चौकशी बसली. आणि याच बातमीची एक शेपूट कोणी सांगत नाही. गार्डियनने लिहिलं होतं की हॅक करणाऱ्यांनी निरोप पुसले त्यामुळे आईवडिलांना वाटलं पोरगी जिवंत आहे. डिसेंबरमध्ये कळलं की निरोप बहुधा आपोआप पुसले गेले असावेत, आणि गार्डियनने तशी दुरुस्ती केली. इतक्या मोठ्या, खऱ्या बातमीतसुद्धा एक वाक्य पुढे गेलेलं होतं.

ओळख लपवून बातमी काढायची, स्टिंग करायचं, तर तीन प्रश्न: यात लोकांचं काही हित आहे का, की नुसतं कुतूहल आहे? दुसऱ्या कुठल्या सरळ मार्गाने हे मिळालंच नसतं का? आणि मी समोरच्याला असलेला गुन्हा दाखवतोय की नसलेला करायला लावतोय? तिन्हीची उत्तरं लेखी, संपादकाच्या मेलवर, आधी. नवीन माणसाने एकट्याने स्टिंग करायचंच नाही, अडकलात तर पहिले हात वर करणारे तुमचेच लोक असतात.

सातवी पायरी: आपल्यामुळे कोणाचा जीव जाऊ नये

ऐकायला भयंकर वाटेल, पण असं होतं. १९८० च्या दशकात व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत आत्महत्या वाढत होत्या आणि पेपर त्या चवीने, नाट्यमय करून छापत होते. १९८७ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी पेपरांना मार्गदर्शक सूचना दिल्या, छापण्याची पद्धत बदलली, आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत रेल्वेखाली उडी मारण्याचे प्रकार ८० टक्क्यांहून जास्त घटले. रेल्वेत काही बदललं नव्हतं. तेव्हा आत्महत्येच्या बातमीत पद्धत लिहायची नाही, नेमकी जागा गाजवायची नाही, चिठ्ठी छापायची नाही, "प्रेमभंगातून" किंवा "नापास झाल्याने" असं एका ओळीत कारण उरकायचं नाही, हेडिंगमध्ये शक्यतो आत्महत्या हा शब्दच नको, आणि शेवटी मदतीचा नंबर द्यायचा, चालू आहे का ते स्वतः लावून बघून.

पोलीस कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवणं हेही त्यातलंच. म्युनिक ऑलिंपिक १९७२, इस्रायली खेळाडूंना दहशतवाद्यांनी ओलीस ठेवलेलं, पोलीस छपरावर चढत होते, कॅमेरे ते दाखवत होते, आणि आत ओलीस ठेवणारे तेच टीव्हीवर बघत होते, पोलिसांना बेत सोडावा लागला. छत्तीस वर्षांनी मुंबईत २६/११ ला पुन्हा तेच, सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते, आणि २०१२ च्या कसाब निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनलांना त्यावरून चांगलंच सुनावलं. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नव्हती.

लहान मुलं आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडिता यांची नावं द्यायची नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण चूक नावात होत नाही, आजूबाजूच्या तपशिलात होते. वडिलांचा हुद्दा, शाळेचं नाव आणि गल्ली छापली की झालं, नाव लपवून उपयोग काय? बातमी शेजाऱ्याच्या नजरेने परत वाचा.

आठवी: पाकीट, भेटी, जाहिराती

छोटं सांगतो. भेट परत करता येत नसेल तर ऑफिसला सांगून टाका. ज्या कंपनीत तुमचे शेअर आहेत तिच्यावर लिहू नका, वॉल स्ट्रीट जर्नलचा स्तंभलेखक फॉस्टर विनन्स आपले लेख छापायच्या आधी दलालाला सांगायचा, १९८५ मध्ये दोषी ठरला. मोठ्या पातळीवर बघायचं तर १९९९ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने एका नव्या स्टेडियमवर विशेष अंक काढला आणि जाहिरातींचा पैसा त्या स्टेडियमबरोबरच वाटून घ्यायचा करार गुपचूप केला होता, हे बाहेर आल्यावर त्यांच्याच बातमीदारांनी बंड केलं. जाहिरातदाराची प्रेसनोट आली तर तिच्यावर जाहिरात असं लिहून येऊ द्या, तुमच्या बायलाइनने, म्हणजे बातमीवर तुमचं नाव लावून, नको. कोणी गळ घातलीच तर "माझी बायलाइन काढा" हे म्हणायला शिका, ते वाक्य फार उपयोगाचं आहे.

नववी पायरी: एआय

वापरू नका असं म्हणून कोणी ऐकणार नाहीये, मीही वापरतो, लांबलचक भाषणातले मुद्दे काढायला, शुद्धलेखनाला. पण त्याच्याकडून आलेली प्रत्येक गोष्ट पहिल्या पायरीतल्या दुसऱ्या रकान्यात टाका, "मला कोणीतरी सांगितलं", आणि तो कोणीतरी खूप आत्मविश्वासाने थापा मारतो हे लक्षात ठेवा. सीनेट नावाच्या वेबसाइटने पैशांविषयीचे ७७ लेख मशीनकडून लिहून घेतले होते, जानेवारी २०२३ मध्ये बोभाटा झाल्यावर तपासले तर ४१ मध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्यातली एक चूक बघा, १०,००० डॉलर ३ टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाअखेर तुम्ही १०,३०० डॉलर कमवाल असं छापलं होतं. कमाई ३०० आहे हो! शाळकरी पोरालाही कळेल, पण वाक्य इतकं गुळगुळीत होतं की तपासणाऱ्याची नजर घसरली. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्सच्या पुरवणीत सुट्टीत वाचायच्या पुस्तकांची यादी आली, १५ मधली १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती, लेखक मात्र खरे. पुरवणी बाहेरून विकत घेतलेली होती, म्हणजे पेपरमध्ये कोणी वाचलीच नाही. मशीनने दिलेला कोट, नाव, आकडा किंवा कोर्टाचा निकाल मूळ ठिकाणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कॉपी-पेस्ट करायचा नाही, यात सूट नाही.

दहावी पायरी: चुकलात की

चुकणारच. मी नवीन असताना एका फसवणुकीच्या बातमीत आरोपीचा फोटो हवा होता, नाव टाकून सोशल मीडियावर शोधलं, गाव तेच, वय साधारण तेच, उचलला आणि लावला. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ ऑफिसात आले, कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. आवाज चढवला नाही त्यांनी. नुसतं म्हणाले, "हे मी आहे, पण हा मी नाही." मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती त्यांच्याकडे. आम्ही खुलासा छापला, आतल्या पानावर, खाली, चार ओळी, त्यात "अनवधानाने" हा शब्द आणि फोटो परत छापायचा नाही म्हणून कोणाबद्दल खुलासा आहे तेच वाचणाऱ्याला कळत नव्हतं. त्या गृहस्थांना काय उपयोग झाला असेल त्याचा मला अजून माहीत नाही.

तेव्हापासून खुलाशाची माझी पद्धत ठरलीये. काय चुकलं ते स्पष्ट, बरोबर काय ते स्पष्ट, चूक जिथे होती तिथेच किंवा तितक्याच ठळक जागी, आणि वेबवर असेल तर गुपचूप बदलायचं नाही, खाली तारखेसकट लिहायचं की हे बदललंय. बातमी काढून टाकून लिंक मेलेली ठेवणं म्हणजे तर चोराच्या मनात चांदणं. ज्या प्लॅटफॉर्मवर चुकीची पोस्ट फिरली त्याच प्लॅटफॉर्मवर दुरुस्तीही टाका, पोस्ट डिलीट केलीत तर का केली ते सांगून.

शेवटची: डेस्क म्हणतंय टाक, तुम्हाला पटत नाहीये

नव्या माणसाला हीच सगळ्यात अवघड जाते, कारण नोकरी नवीन, हप्ते चालू. डेर स्पीगल या जर्मन साप्ताहिकाच्या क्लास रेलोत्सिउसचं प्रकरण डिसेंबर २०१८ मध्ये उघड झालं, बक्षिसांवर बक्षिसं मिळवलेला स्टार बातमीदार, वर्षानुवर्षं माणसं आणि प्रसंग मनाने रचत होता, आणि साप्ताहिकाचा तपासणी विभाग जगात नावाजलेला. त्याला पकडला त्याच्याच बरोबर एका स्टोरीवर नाव लागलेल्या हुआन मोरेनोने. मोरेनोला संशय आला, वरिष्ठांना सांगितलं, त्यांनी आधी मोरेनोवरच संशय घेतला, काही आठवडे त्याचं आयुष्य नकोसं झालं. मग तो अमेरिकेत गेलेला असताना स्टोरीतल्या माणसांना स्वतः जाऊन भेटला, त्यांनी सांगितलं की हा रेलोत्सिउस आम्हाला कधी भेटलाच नाही, आणि मोरेनोने ते कॅमेऱ्यात घेतलं. १९९५ च्या डायना मुलाखतीसाठी बीबीसीच्या मार्टिन बशीरने खोटी बँक स्टेटमेंट बनवून घेतली होती, ती बनवणाऱ्या ग्राफिक डिझायनरने स्वतःच शंका आल्यावर वर सांगितलं होतं, आणि त्यालाच बाजूला काढलं गेलं. नंतर झालेल्या चौकशीच्या डायसन अहवालात त्याचं म्हणणं खरं ठरलं, पण तोपर्यंत २०२१ साल उजाडलं होतं.

आणि जिथे सगळ्यांनाच आतून माहीत असतं तिथे काय होतं तेही बघा. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीत मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याचे दावे फॉक्स न्यूजवर चालले, यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने बदनामीचा खटला भरला, आणि कोर्टात मोठ्या अँकरचे एकमेकांना पाठवलेले मेसेज आले, ज्यात ते स्वतःच या गोष्टींना येडेपणा समजत होते. एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं.

तर भांडू नका, लिहा. डेस्कला तोंडी "मला पटत नाही सर" म्हटलं की ते हवेत विरतं. दोन ओळींचा मेल टाका: "सर, बातमीतल्या तिसऱ्या परिच्छेदातल्या आरोपावर समोरच्या बाजूचं उत्तर अजून आलेलं नाही, मी ७:४० ला आणि ८:१५ ला फोन केला, उद्या सकाळी पुन्हा करतो, तोपर्यंत हा परिच्छेद थांबवावा असं मला वाटतं." यात उर्मटपणा नाही, उपदेश नाही, नुसती वेळ आहे. माझ्या अनुभवात असा मेल गेला की दहातल्या निम्म्या वेळा तरी परिच्छेद थांबतो, कारण आता ते लेखी आहे आणि निर्णय कोणाचा हे उद्या कळणार आहे. उरलेल्या वेळा बातमी जाते. तेव्हा बायलाइन काढून घ्या, वही आणि रेकॉर्डिंग जपून ठेवा, आणि सकाळी उठून तो फोन करा.